दोन पोरं, एक भीमथडी घोडी: पहिल्या वर्षाचा हिशेब

दिवाळी आटोपली की कोकणात उतरण्याआधी बापूंचा वाडा आमच्या रानात चार-पाच रात्री मुक्कामाला असतो. मेंढरं बसतात, रानाला खत मिळतं, बदल्यात धान्य आणि थोडे पैसे. हा व्यवहार माझ्या आजेसासऱ्यांपासूनचा. (वाडा म्हणजे धनगरांचा फिरता संसार. पुण्याच्या मैत्रिणींनी शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणू नये.) २०२३ च्या नोव्हेंबरात वाडा उठला तेव्हा आम्ही सगळे बांधावर उभे होतो. एका तांबूस घोडीच्या पाठीवर वाघर (मेंढरं कोंडायची जाळी), भांड्यांची गोणी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या, आदल्या रात्री जन्मलेलं कोकरू आणि या सगळ्याच्या वर बापूंचा चार वर्षांचा नातू. कासरा कुणाच्याच हातात नव्हता. घोडी आपली मेंढरांच्या मागून चालली होती आणि पोरगं वर बसून भाकरी खात होतं.

माझा थोरला तेव्हा नऊ वर्षांचा होता. रात्री जेवताना म्हणाला, "त्याला कुणी सांभाळून बस म्हणत नाही."

शाळेच्या परिपाठात राज्यगीत असतं, त्यातले भीमथडीचे तट्टू म्हणजे हेच, असं सासऱ्यांनी सांगितलं आणि मग आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. भीमेच्या काठचा मुलूख तो भीमथडी, तिथलं हे बुटकं, काटक घोडं. मराठ्यांच्या फौजा याच्याच पाठीवर लांबलांबच्या मजला मारत. आता ते मुख्यतः धनगरांच्या वाड्यावर उरलंय.

आधीच सांगते, मला घोड्यांची भीती वाटते. आठ वर्षांची असताना महाबळेश्वरला वेण्णा तलावापाशी मला घेऊन एक घोडं दुसऱ्या घोड्यामागे सुटलं होतं. पडले नाही, पण तेव्हा धरलेली आयाळ अजून बोटांत जाणवते. त्यामुळे पुढचं सगळं वाचताना हे घोडेवाल्या घराण्यातल्या बाईने लिहिलंय असं समजू नका. आमच्याकडे पाच गाई आणि एक भांडखोर कोंबडा, एवढाच अनुभव.

घोडी घ्यायचं तेव्हा कुणाच्याच मनात नव्हतं. आधी शिकवणी लावू, हौस फिटली तर फिटली, असं ठरलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दीड तासावरच्या एका रायडिंग क्लासला फोन केला. जागा नाही, नाव लिहून ठेवतो, म्हणाले. पाच आठवडे थांबलो. मधल्या काळात दत्तजयंतीला, म्हणजे २६ डिसेंबरला, नवरा मित्रासोबत सारंगखेड्याला जाऊन आला. नंदुरबार जिल्ह्यात तापीच्या काठी घोड्यांची ती मोठी यात्रा भरते. "बघून येतो फक्त" म्हणाला आणि खरंच फक्त बघून आला. मारवाडी घोडे, कान टोकाला टोक लावून उभे, किमती लाखांत, आणि उंची एवढी की आमच्या पोराला रिकिबीत पाय घालायला शिडी लागावी. तिथल्या एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याने त्याला फुकटचा सल्ला दिला: लेकरासाठी घोडं घेताना रूप बघू नका, वय बघा, लेकरू नवं असेल तर घोडं जुनं पाहिजे. वर्षभरात मिळालेल्या शेकडो सल्ल्यांत हा एक मला पूर्ण पटलेला.

१३ जानेवारी २०२४ ला क्लास सुरू झाला. बारा तासांचे १०,८०० रुपये, डॉक्टरांचा दाखला, आणि पडझड झाली तर जबाबदारी आमची, असा संमतीचा कागद. हेल्मेट त्यांचं मिळतं, पण ते कपाळावर हलायचं, म्हणून आम्ही २,४०० रुपयांचं वेगळं घेतलं. सायकलचं चालेल का, असं मीही विचारलं होतं. चालत नाही, घोड्यावरचं हेल्मेट डोक्याच्या मागच्या बाजूलाही खालपर्यंत येतं. आणि बूट महागडे नसले तरी चालतील, पण त्यांना थोडी टाच हवीच, नाहीतर पाय रिकिबीतून आरपार जातो आणि पडणारं पोर फरपटतं. हे मला क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही. शेजारी बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं.

क्लासबद्दल फार चांगलं लिहिता येत नाही. पाऊण तासात सहा मुलं, घोडे दोन, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटांची फेरी. मोतद्दार लगाम धरून चालणार, पोर वर बसून फोटोला हसणार. थोरल्याला तिसऱ्या शनिवारीच कळलं की वेण्णा तलावावर हेच दीडशे रुपयांत होतं.

धाकटीला मात्र क्लासने घेतलंच नव्हतं. सहा वर्षं पूर्ण लागतात, तिला दोन महिने कमी होते. ती कठड्यावर बसून राहायची. पाऊण तास. घोड्यांकडे बघत. चौथ्या की पाचव्या खेपेला गाडीत ती म्हणाली, "काळा घोडा आज कुणाला तरी चावणार होता." विचारलं, कशावरून? तर तिने दोन्ही तळवे डोक्याला मागे चिकटवून दाखवले. कान. नंतर कळलं, त्या दिवशी काळ्याने खरंच एका मोतद्दाराच्या दंडाला दात लावले होते. तळ्यावरच्या त्या घोड्याचे कान मी त्या दिवशी बघितले असते तर, असं उगाच मनात येऊन गेलं.

त्याच जानेवारीत बातमी आली की भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय नोंदणी झाली. कर्नालला यासाठीची सरकारी संस्था आहे. मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी वगैरेंच्या यादीत आता भीमथडीही आलं. थोरल्याने कात्रण कपाटाला चिकटवलं. सासरे म्हणाले, "नोंदणी झाली ती घोडी उरली नाहीत तेव्हा." त्यात तथ्य आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडी-तट्टं मिळून साधारण ३ लाख ४० हजार भरली होती, आधीच्या गणनेपेक्षा ४५ टक्क्यांहून अधिक कमी.

मार्चअखेर क्लास संपला, आम्ही पुढचे पैसे भरले नाहीत. जूनमध्ये बापूंचा वाडा कोकणातून वर आला. नवरा सहज भेटायला गेला होता. बापू म्हणाले, तीच तांबूस घोडी आता घाट चढताना मागे पडते. "हिला वझं झेपंना आता. पर गुणाची हाय. लेकरं हिच्या पायात खेळल्यात." आम्ही तीन रात्री झोपलो नाही. मग मीच म्हणाले, विचारून तर बघू.

बापूंनी ३०,००० सांगितले, २६,००० ला ठरलं. एक अट घातली: नको झाली तर बाजारात नाही न्यायची, वरातवाल्याला नाही द्यायची, परत वाड्यावर आणायची.

इथून कागदपत्रं सुरू झाली. घोडं घेताना काय काय लागतं ते कुठे एका जागी लिहिलेलं सापडलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी दवाखाना. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पहिल्या खेपेला साहेब दौऱ्यावर, दुसऱ्या खेपेला भेटले. नोंदवहीत गाय, म्हैस, शेळी, मेंढी आणि मग "इतर". आमची घोडी "इतर"मध्ये. साहेब स्वभावाने चांगले होते, पण पैसे देण्याआधी ग्लँडर्सची तपासणी करायचीच, यावर अडून बसले. हा घोड्या-गाढवांचा जीवघेणा संसर्ग, माणसालाही होतो, आणि त्यावर घोड्यासाठी उपचार करत नाहीत. घोडं बाधित निघालं तर कायद्याने त्याला मारावं लागतं. २००६ साली पुणे-पाचगणी भागात त्याची साथ आली होती. मुलांच्या तोंडाशी तोंड नेणारं जनावर घरात आणायचं तर हा कागद आधी हातात असू द्या. बाकी सगळ्या गोष्टींवर घासाघीस करा, यावर नको.

२१ जूनला रक्त काढायचं ठरलं. तर वाडा आदल्या दिवशी हललेला! बापूंच्या मुलाच्या फोनला रेंज नाही. नवरा डॉक्टरांना मोटारसायकलवर मागे बसवून तीन गावं फिरला, शेवटी एका मक्याच्या रानाकडेला मेंढरांचा आवाज ऐकू आला. मी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मागून स्कूटरवर. रक्त काढताना घोडीने एकदा मान उचलली आणि सोडली, बस. साहेबांनी तिथेच तोंड उघडून दात बघितले. बापू सात वर्षांची सांगत होते. पाचव्या वर्षी घोड्याचे सगळे दुधाचे पुढचे दात जाऊन पक्के आलेले असतात, त्यानंतर झिजेवरून अंदाज करायचा. साहेब म्हणाले, दहाच्या खाली नाही. बापू हसले. "मग धा असंल." पाठीवर खोगिराच्या जागी जुन्या जखमांचे पांढरे केस होते, डाव्या मागच्या पायाला जुनी गाठ होती, पण लंगडत नव्हती. घोडं पंचवीस-तीस वर्षं जगू शकतं, तेव्हा दहा आम्हाला चालण्यासारखं होतं. सारंगखेड्याचा म्हातारा आठवला.

नमुना पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत गेला आणि आम्ही वाट बघत बसलो. मधेच माउलींची पालखी आली. रस्ते बंद, दवाखान्यातली निम्मी माणसं पालखीच्या बंदोबस्तावर. चौकशीला गेलं की एकच उत्तर, पालखी जाऊ द्या. मग आम्हीही मुलांना घेऊन चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण बघायला गेलो. वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावत गेला आणि माणसं त्याच्या टापांखालची माती उचलून कपाळाला लावायला वाकली. धाकटीने ती माती थोडी रुमालात बांधून आणली. विचारलं तर म्हणाली, आपल्या घोडीला लावायला.

१० जुलैला अहवाल मिळाला. बाधा नाही. मधे गेलेले दिवस एकोणीस.

त्याच संध्याकाळी खरेदीचा कागद केला. साध्या कागदावर, रेव्हेन्यू स्टॅम्प लावून, दोन साक्षीदार. त्यात घोडीचं वर्णन नीट लिहा असं साहेबांनी बजावलं होतं: रंग, कपाळावरचा ठिपका, कोणता पाय पांढरा, अंगावरचे भोवरे कुठे कुठे, अंदाजे वय, जुन्या जखमा. उद्या चोरी झाली किंवा कुणी हक्क सांगितला तर हेच वर्णन कामाला येतं. भोवरे मोजताना बापूंनी प्रत्येकाचा शुभ-अशुभ अर्थ सांगितला. आमच्या घोडीचे दोन शुभ आणि एक "असू द्या, काय नाय हुत." गाडीतून न्यायची म्हणून आरोग्य दाखलाही काढून ठेवला होता. उपयोग झाला नाही, कारण १३ जुलैला ती पिकअपमध्ये चढलीच नाही. फळी दिसली की चारही पाय रोवून उभी. शेवटी बापूंचा मुलगा तिला चौदा किलोमीटर चालवत घेऊन आला. मुलं शेवटचे दोन किलोमीटर त्याच्या बरोबर चालली.

वाड्यावर तिला नाव नव्हतं, नुसती "घोडी". धाकटीने खारीक ठेवलं. रंगावरून.

गोठ्याच्या एका टोकाला आम्ही तिच्यासाठी बारा बाय बाराची जागा काढली होती. कोबा फोडून माती-वाळू टाकली, आडवे बांबू, वर पत्रा, माशांसाठी जाळी. २१,००० रुपये. चाऱ्याला घरचा कडबा, वाळलेलं गवत, चंदीला भिजवलेले हरभरे आणि गव्हाचा कोंडा, शिवाय मिठाचा खडा. महिन्याला साधारण पाच हजार. आमच्या भागात जनावर म्हटलं की उसाचं वाढं पुढे टाकतात; साहेबांनी ते मुख्य चारा म्हणून नको सांगितलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे गाईची तयार कांडी घोडीला चुकूनही द्यायची नाही. काही पशुखाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते पचतं, घोड्याच्या हृदयाला ते विष आहे. ज्यांच्याकडे गाई आणि घोडं एकाच छपराखाली असणार आहेत त्यांनी हे वाक्य गोठ्याच्या दाराला चिकटवावं. आम्ही चिकटवलंय, थोरल्याच्या अक्षरात.

आणि तरी आठवड्यात घोळ झालाच. बेंदूर आला. बैल आता गल्लीत दोनच जोड्या उरल्यात, म्हणून सगळ्या बायका गाईंना आणि नव्याने आलेल्या खारकेलाही नैवेद्य घेऊन आल्या. मला कौतुक वाटत होतं. किती पुरणपोळ्या गेल्या ते कुणी मोजलं नाही.

रात्री नऊच्या सुमारास धाकटी आत आली. "आई, ती सारखी पोटाकडे बघतेय." मी म्हटलं, माशा असतील. ती गेली आणि परत आली. "माशा नाहीत. मान वळवते, बघते, मग पुढच्या पायाने माती उकरते. दोनदा केलं." मी भांडी टाकून उठले. खारीक तेवढ्यात खाली बसली, आडवी झाली आणि पाठीवर लोळायला लागली. लीद संध्याकाळपासून नव्हती.

घोड्याला उलटी करता येत नाही. जे आत गेलं ते पुढेच सरकलं पाहिजे, अडलं की पोटशूळ, आणि पोटशुळाने घोडं रात्रीत जाऊ शकतं. हे सगळं मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं, आणि त्या क्षणी एक शब्द आठवत नव्हता. साहेबांचा फोन लागला. तोंडापुढचं सगळं काढा, उठवून हळूहळू चालवा, मी निघालो. नवरा तिला अंगणात चालवत होता, थोरला बॅटरी धरून पुढे. पोर एरवी मिनिटभर गप्प बसत नाही, त्या रात्री पाऊण तासात एक शब्द बोलला नाही. धाकटी पायरीवर बसून पोटाचे आवाज कधी येतात ते ऐकत होती. साहेबांनी येऊन नाडी बघितली, दुखण्याचं इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून पोटात पातळ पॅराफिन सोडलं. मग वाट बघणं. पहाटे सव्वातीनला लीद पडली. मी आयुष्यात शेणाकडे एवढ्या आनंदाने बघितलं नव्हतं. ३,२०० रुपये झाले, आणि दुसऱ्या दिवशी मी घरोघर जाऊन हात जोडून सांगून आले की खारकेला कुणी काही घालू नका.

त्या रात्रीनंतर मला मुलांच्या बाबतीतली एक गोष्ट कळली. मुलं घोड्यावर बसतील तेव्हा काय ते शिकतील असं धरून मी क्लासचे पैसे मोजले होते. खरं शिकणं खाली उभं राहून चाललं होतं. सहा वर्षांची पोर, जिला शाळेत बाई "बोलत नाही" म्हणतात, तिने एका मुक्या जनावराचं दुखणं माझ्याआधी वाचलं होतं.

ऑगस्टपासून गावातले एक काका शिकवायला यायला लागले. जयपूरच्या ६१ कॅव्हलरीतून, म्हणजे लष्कराच्या घोडदळातून, दफेदार म्हणून निवृत्त झालेले. तासाचे चारशे रुपये, आठवड्यातून दोनदा किंवा एकदा. पहिला महिना त्यांनी मुलांना वर बसूच दिलं नाही. घोडीकडे नेहमी तिच्या डाव्या खांद्याच्या बाजूने यायचं, येताना बोलत यायचं. तिचे डोळे दोन बाजूंना असतात. अगदी कपाळासमोरचं आणि अगदी शेपटीमागचं तिला दिसत नाही. कासरा हाताला गुंडाळायचा नाही, ती बुजली तर हात जातो. गूळ द्यायचा तो सपाट तळव्यावर, बोटांच्या चिमटीत नाही. रोज खरारा (ब्रशने अंग घासणं), आणि खरारा करताना प्रत्येक पाय वरून खालपर्यंत हाताने चाचपायचा, कुठे गरम लागतंय का. खुरातली माती हूकने काढायची. खोगीर चढवल्यावर तंग (पोटाखालचा पट्टा) आवळायचा, मग दोन मिनिटं थांबून पुन्हा आवळायचा, कारण ही बाई पोट फुगवून उभी राहते. थोरला कुरकुरला, मला पळवायचीय. काका म्हणाले, "तिने तुला वर घेतलं पाहिजे ना आधी."

खोगीर जुनंच घेतलं, ९,००० ला, पाठीवरच्या जुन्या खुणांवर दाब येत नाही ना ते बघून. नालबंदाचा शोध ही एक वेगळी कथा. कारखान्याच्या हंगामात बैलांना नाल मारणारे इथे मिळतात, पण बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा अखंड. ते काम वेगळं. शेवटी वरातीच्या घोडेवाल्याकडून नंबर मिळाला. नालबंद म्हणाला, मऊ रानात चालणार असेल तर नाल कशाला, सहा-सात आठवड्यांनी खूर तासून घ्या. एका खेपेचे ७०० रुपये. घोडीला धनुर्वाताची लस दिली तेव्हा साहेबांनी मुलांचीही विचारली. धाकटीचा पाच वर्षांचा बूस्टर झाला होता, थोरल्याचा दहाव्या वर्षाचा राहिला होता, तो दुसऱ्याच दिवशी घेतला. घोड्याच्या तबेल्यात धनुर्वाताचे जंतू असतातच. तुम्हीही कार्ड काढून बघा.

सप्टेंबरात दोघंही वर बसायला लागली. आधी चाल, मग दुडकी. थोरल्याची पाठ ताठ झाली, हे आधी सासूबाईंच्या लक्षात आलं. ऑक्टोबरात तो एकटा रानाला फेरी मारून यायचा.

१ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन. सकाळचीच वेळ होती, फटाके रात्री उडतात अशा हिशेबाने मी नेहमीप्रमाणे जाऊ दिलं. शेजारच्या वस्तीवर कुणीतरी सुतळी बॉम्ब लावला. खारीक जागच्या जागी बाजूला उडाली, थोरला दुसऱ्या बाजूला. मनगटाचं हाड. एक्स-रे आणि प्लास्टर मिळून २,८०० रुपये, चार आठवडे हात गळ्यात. चूक माझी होती, घोडीची नाही. दिवाळीचे पाच दिवस आता कुणी वर बसत नाही. पोरगं दवाखान्यात रडलं ते हातासाठी नाही. "ती पळून कुठे गेली?" ती कुठेच गेली नव्हती. वीस पावलांवर थांबून थरथरत त्याच्याकडेच बघत होती, असं धाकटीने त्याला संध्याकाळी सांगितलं.

प्लास्टर निघाल्यावर तो पूर्वीसारखा बसला नाही. अजूनही आठवड्यातून एखाद्याच वेळी बसतो. मी जबरदस्ती केली नाही. माझी मला आठवण आहे. पण त्याने वही घातलीय. कृमीचं औषध कधी, खूर कधी, लस कधी, चाऱ्याचा भाव काय. नालबंद आला की हा शेजारी उकिडवा. गेल्या खेपेला त्याने कानस हातात घेऊन एका खुराची कड स्वतः घासली.

"मुलांत काय फरक पडला?" हा प्रश्न सगळे विचारतात, म्हणून खरं ते लिहिते. गणिताचे मार्क होते तिथेच आहेत. मोबाइलवरून भांडणं होतात, रोज होतात. धाकटीला पहिले दोन महिने धुळीने शिंका यायच्या, अजून खराऱ्याच्या वेळी तोंडाला रुमाल बांधते. पण सकाळी सहाला दोघांना उठवावं लागत नाही, कारण उशीर झाला की खारीक बादली वाजवते आणि ती बादली अख्खी वस्ती उठवते. थोरला गोठ्यात शिरताना आवाज खाली आणतो. घरात नाही आणत, गोठ्यात आणतो. आणि पाहुण्यांसमोर माझ्या पदराआड जाणारी धाकटी परवा तिच्या मोठ्या काकांना, सहा फुटी माणसाला, खणखणीत आवाजात म्हणाली, "मागून येऊ नका. इकडून या. आणि आधी बोला तिच्याशी."

वहीप्रमाणे पहिल्या वर्षाचा खर्च, क्लास आणि हेल्मेट धरून, सुमारे १ लाख ७२ हजार. त्यात मोठे आकडे चारा आणि काकांची शिकवणी. स्वतःचं रान आणि कडबा नसेल तर चाऱ्याचा आकडा दुप्पट धरा. आणि फ्लॅटमध्ये राहत असाल तर घोडं घेऊ नका, शनिवार-रविवार एखाद्या तबेल्यात मुलांना लीद काढायला पाठवा. वर किती मिनिटं बसवतात ते विचारण्याआधी खाली किती वेळ काम करू देतात ते विचारा. आम्ही ते विचारलं नव्हतं.

२०२५ च्या मे महिन्यातच पाऊस कोसळला, ओढे भरले, बापूंचा वाडा भिजत भिजत वर आला. लांबून मेंढरांचा आवाज आल्याबरोबर खारीक अशी खिंकाळली की गाई उभ्या राहिल्या. कासरा धाकटीच्या हातात होता. तिने सोडला नाही, ओढलाही नाही, तिच्याबरोबर बांधापर्यंत धावत गेली. बापूंचा नातू आता पाच-सहा वर्षांचा, दुसऱ्या घोडीवर बसून येत होता. दोन्ही घोड्यांनी नाकाला नाक लावलं.

"जायचं असेल तर जाऊ द्यायचं का?" धाकटीने मला हळूच विचारलं. मी काहीच बोलले नाही, मला सुचलंच नाही.

बापू घोडीपाशी आले, खांद्यावर हात ठेवला. मग वाकून एकेक पाय उचलला, चारही. चिखल अंगठ्याने पुसून खुराची कड बघितली.

"कुणी घासलंय ह्ये?"

थोरल्याने वही मागे लपवली आणि नालबंदाचं नाव सांगितलं.

"तीन त्यानं घासल्यात," बापू म्हणाले, "ह्यो चौथा दुसऱ्याचा हात हाय. बरा हाय. जरा कमी घास म्हनावं फुडल्या टायमाला."